नॉर्स परंपरेतील नीती : निवाडा कोणाचा?

खाडीकाठ (धागाकर्ता)

चित्रपट, मालिका आणि संगणकावरचे खेळ यांच्यामुळे ओदिन, थोर आणि लोकी ही नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, देवांची नावे आता आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही पाठ झाली आहेत. या देवांना मानणारा माणूस रोजच्या जगण्यात चांगले कशाला म्हणत होता आणि वाईट कशाला, याविषयी मात्र मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे आरंभीच मांडतो. या परंपरेत नीतीचा उगम देवांच्या आज्ञेत नाही आणि निवाडाही देवांच्या हाती नाही. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या, आप्तांच्या आणि सभेत जमणाऱ्या माणसांच्या तोंडी आहे.

यासाठी मी 'हावामाल' या काव्याचा आधार घेतो. हावामाल म्हणजे 'उच्चस्थाचे बोल', आणि उच्चस्थ म्हणजे ओदिन. १६४ कडव्यांचे हे काव्य १२७०च्या सुमारास आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या ज्या चर्मपत्री हस्तलिखितामुळे आपल्याला ठाऊक आहे, त्याची आज पंचेचाळीस पाने उरली आहेत. १६४३ साली ते बिशप ब्रिन्योल्फुर स्वेइन्सोन यांच्या हाती आले, १६६२ साली त्यांनी ते डेन्मार्कच्या राजाकडे पाठवले, आणि २१ एप्रिल १९७१ रोजी डॅनिश नौदलाच्या जहाजातून ते रेक्याविक बंदरात परत आले, तेव्हा ते पाहायला धक्क्यावर हजारो माणसे उभी होती.

युद्धदेवाचे बोल म्हटल्यावर तलवारी आणि रक्त यांची अपेक्षा धरून वाचायला बसणारा वाचक पहिल्याच पानावर चकित होतो. पहिले कडवे दारातून आत शिरण्यापूर्वी आजूबाजूला नीट पाहून घ्यावे असे सांगते, कारण आत कोणता शत्रू बसला आहे हे ठाऊक नसते. तिसऱ्या कडव्यात डोंगर तुडवून आलेला पाहुणा येतो. त्याचे गुडघे गारठलेले आहेत. त्याला आधी शेकोटी हवी, मग अन्न आणि कोरडे कपडे हवेत. पुढच्या कडव्यात त्याला हातपाय धुवायला पाणी, पुसायला पंचा आणि 'या, बसा' असे मनापासून म्हणणारा यजमान हवा. नंतर मद्याविषयी इशारा येतो: लोक म्हणतात तितके ते चांगले नाही, आणि पिणाऱ्याच्या डोक्यावर 'विस्मृतीचा बगळा' घिरट्या घालून त्याची अक्कल चोरून नेतो. पस्तिसावे कडवे पाहुण्यालाच बजावते की, वेळेवर निघावे, कारण दुसऱ्याच्या बाकावर फार काळ बसणारा आवडता माणूसही नावडता होतो. 'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई' हे आपल्या आजीच्या तोंडचे वचन ऐकलेल्या माणसाला इथे परके काहीच वाटणार नाही. त्याच्याच पुढच्या कडव्यात दोन शेळ्या आणि दोरखंडांनी शाकारलेले खोपटे एवढेच स्वतःचे असले, तरी ते भीक मागण्यापेक्षा बरे, असे म्हटले आहे.

हे सगळे सल्ले ज्या हवेत जन्मले ती हवा लक्षात घ्यावी लागते. एकेकटी शेतघरे, मैलोगणती ओसाड माळ, आणि हिवाळ्यात कोणी दार उघडले नाही तर सकाळपर्यंत जीव राहण्याची शाश्वती नाही. अशा ठिकाणी आतिथ्य हा केवळ सद्गुण राहत नाही, ती जगण्याची व्यवस्था होते. सत्तेचाळिसाव्या कडव्यातला माणूस सांगतो की, तरुणपणी मी एकटाच प्रवास करत होतो, वाट चुकलो, आणि दुसरा माणूस भेटला तेव्हा मला श्रीमंत झाल्यासारखे वाटले. बावन्नाव्यात तो म्हणतो की, अर्धी भाकर आणि कलता प्याला एवढ्यावर मला सोबती मिळाला. पन्नासाव्यातली प्रतिमा मला सर्वांत बोचते: उघड्यावर उभे असलेले देवदाराचे झाड वाळत जाते, त्याला ना साल राखते ना पाने, ज्याच्यावर कोणाचेच प्रेम नाही, असा माणूस त्या झाडासारखा असतो, आणि त्याने फार काळ जगावे तरी कशासाठी?

या साऱ्या उपदेशात 'देव कोपेल' असे कारण दिलेले नाही आणि 'स्वर्ग मिळेल' असे आमिषही नाही. शहात्तर आणि सत्त्याहत्तर ही दोन कडवी या विचाराचा कणा आहेत. गुरे मरतात, आप्त मरतात, आपणही तसेच मरतो. ज्याने चांगले नाव मिळवले त्याचे नाव तेवढे मरत नाही, असे पहिले म्हणते. दुसरे तेवढीच सुरुवात करून शेवट बदलते: मरत नाही अशी एकच गोष्ट मला ठाऊक आहे, ती म्हणजे प्रत्येक मृताविषयी झालेला निवाडा. पहिल्या कडव्यात आश्वासन आहे, दुसऱ्यात धाक आहे. निवाडा वाईट असला तरी तोही मरत नाही.

गोदातीर

लेख आवडला. सत्त्याहत्तराव्या कडव्याशी पोचण्यापूर्वीच 'देह त्यागितां कीर्ति मागें उरावी' ही समर्थांची ओळ मनात आली होती. मूल्ये सगळीकडे सारखीच असतात असे म्हणायचे का? दुसरी शंका अशी की, देव बक्षीस देत नाहीत हे विधान वाल्हल्लाचे काय करते? रणांगणात मरणाऱ्याला ओदिनच्या महालात जागा मिळते, हे तर शाळकरी मुलांनाही माहीत आहे. शिवाय 'नऊ उदात्त सद्गुण' अशी एक यादी सर्वत्र फिरते, त्यात धैर्य, सत्य, सन्मान, निष्ठा, शिस्त, आतिथ्य, उद्यमशीलता, स्वावलंबन आणि चिकाटी ही नावे असतात. ती हावामालमध्ये कितव्या कडव्यात आहे?

खाडीकाठ

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे: ती कोणत्याच कडव्यात नाही. ही यादी १९७०च्या दशकात इंग्लंडमधील 'ओडिनिक राइट' या संघटनेच्या वर्तुळात तयार झाली. त्यातील प्रत्येक गुणाला आधार देणारी वचने जुन्या वाङ्मयात शोधता येतात हे खरे, पण हावामालचा स्वभाव याद्या करण्याचा नाही. चोपन्नावे कडवे तर माणसाने मध्यमच शहाणे असावे, अति शहाणे होऊ नये असे सांगते, आणि छप्पन्नावे कारण देते की, ज्याला आपले प्राक्तन आधी कळत नाही त्याचेच मन सर्वांत निश्चिंत असते. आता हा सल्ला 'शिस्त' आणि 'चिकाटी' यांच्यामध्ये कोणत्या खणात बसवायचा?

समर्थांच्या ओळीविषयी. साम्य आहे, पण त्याच श्लोकाचा उत्तरार्ध आठवावा: 'मना चंदनाचे परी त्वां झिजावें'. समर्थांच्या कीर्तीची अट इतरांसाठी झिजणे ही आहे आणि तिचा हेतू सज्जनांचे अंतःकरण निववणे हा आहे. हावामालमध्ये कीर्तीसाठी जो शब्द आहे, त्याची फोड 'शब्द' आणि 'गौरव' अशी होते. म्हणजे लोक ज्याविषयी बोलतात तो गौरव. तो झिजून मिळवावा की झुंजून, हे कडवे सांगत नाही. शेजाऱ्यांना जे मोलाचे वाटेल ते करून तो मिळतो. या परंपरेचे सामर्थ्य त्यात आहे आणि तिचे दुखणेही त्यातच आहे.

वाल्हल्लाविषयी बोलायचे तर, तेथे जाणे हे सदाचाराचे फळ नाही. ओदिन उत्तम योद्धे निवडतो, कारण शेवटच्या युद्धासाठी त्याला सैन्य हवे आहे, आणि ते युद्ध देव हरणार हेही आधीच ठरलेले आहे. मेलेल्या योद्ध्यांपैकी निम्मे फ्रेया ही देवी नेते. निष्पाप बाल्डर, देवांतला सर्वांत लाडका, मृतांच्या जगाची राणी हेल हिच्याच घरी जातो. आणि ज्या ओदिनचा हा महाल, त्याच्याच तोंडी घातलेले एकाहत्तरावे कडवे पाहा: लंगडा घोड्यावर बसू शकतो, हात नसलेला गुरे राखू शकतो, बहिरा लढू शकतो, चितेवर जळण्यापेक्षा आंधळे असलेले बरे, प्रेताचा कोणाला काहीही उपयोग नसतो. वीरमरणाची भूल घालणारा धर्म असे बोलत नाही.

मध्यरात्रीचा सूर्य

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे नॉर्वेत राहतो, त्यामुळे शब्दांविषयी थोडी भर घालतो. 'धर्म' या अर्थाचा वेगळा शब्द त्या लोकांकडे नव्हता. ते 'सिद्र' म्हणत, म्हणजे रीत, चाल, वहिवाट. ख्रिस्ती धर्म आला तेव्हा तो 'नवी रीत' झाला आणि आधीचे जे होते ते 'जुनी रीत'. डेन्मार्कमध्ये २००३ साली शासनमान्यता मिळालेल्या संघटनेचे नावही 'फोर्न सिद्र', म्हणजे जुनी रीत, असेच आहे. आपल्याकडे 'आमच्यात अशी रीत नाही' असे म्हणणारी मावशी ज्या अर्थाने तो शब्द वापरते, त्याच्या हा शब्द फार जवळ आहे.

आइसलँडचे धर्मांतर हा धागाकर्त्यांच्या मुद्द्याचा उत्तम दाखला आहे. इसवी सन ९३० पासून तेथे थिंगव्हेट्लिरच्या मैदानात दर उन्हाळ्यात अल्थिंग ही सभा भरत असे. मी ती जागा पाहिली आहे. एका बाजूला काळ्या खडकाची उभी भिंत आहे, आणि वक्त्याचा आवाज तिच्यावरून परतून खालच्या माणसांपर्यंत पोचत असावा असे तेथे उभे राहिल्यावर वाटते. इसवी सन १०००च्या सुमारास तेथे जुन्या रीतीचे आणि नव्या रीतीचे लोक समोरासमोर आले आणि एकमेकांच्या कायद्यातून बाहेर पडल्याचे त्यांनी जाहीर केले. निर्णय थोरगेइर या विधिवक्त्यावर, म्हणजे सभेत कायदा सांगणाऱ्या माणसावर, सोपवण्यात आला, जो स्वतः जुन्या रीतीचा होता. तो अंगावर पांघरूण ओढून दिवसभर आणि पुढची रात्रभर कोणाशीही न बोलता पडून राहिला. सकाळी उठून त्याने सांगितले की, आपण कायदा फाडला तर शांतताही फाटेल, म्हणून सर्वांचा कायदा एक आणि रीत एक असावी. आणि सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा. कोणता देव खरा, हा प्रश्न त्याने विचारलाच नाही.

त्या तडजोडीत तीन सवलती होत्या: नकोशी अर्भके उघड्यावर टाकण्याची जुनी मुभा, घोड्याचे मांस खाण्याची मुभा, आणि गुप्तपणे जुन्या देवांना बळी देण्याची मुभा. मात्र बळी देताना पाहिल्याचे साक्षीदार निघाले, तर हद्दपारीची शिक्षा होती. एका शतकानंतर आरी थोरगिल्सोन याने हे सर्व लिहून ठेवले आहे. शेजाऱ्यांनी पाहिले तर गुन्हा, नाही तर नाही!

काथ्याकूट

सर्वांचे लेखन रंजक आहे, पण थोडे गुळगुळीत होत चालले आहे, म्हणून खडे टाकतो.

पहिला खडा: तुमचे हस्तलिखित धर्मांतरानंतर पावणेतीनशे वर्षांनी ख्रिस्ती माणसाने लिहिले. मग ही नीती जुन्या रीतीची कशावरून?

दुसरा खडा: पंचेचाळिसाव्या कडव्यात, ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी गोड बोलावे, मनात कपट ठेवावे आणि खोट्याची परतफेड खोट्याने करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. हे तुम्ही टाळलेत.

तिसरा आणि मोठा खडा: याच परंपरेतील 'रीगस्थुला' या काव्यात रीग नावाचा देव तीन घरी मुक्काम करतो, आणि त्या तीन घरी गुलाम, शेतकरी आणि सरदार यांचे मूळपुरुष जन्माला येतात. गुलामाचे वर्णन कसे? सुरकुतलेली कातडी, जाड बोटे, वाकलेली पाठ. मुलांची नावेही हिणवणारी. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे कशासारखे वाटेल, ते मी सांगायला नको. इसवी सन ९२२ मध्ये व्होल्गा नदीकाठी अहमद इब्न फदलान या बगदादच्या दूताने रुस, म्हणजे स्कँडिनेव्हियातून तिकडे गेलेल्या, लोकांच्या सरदाराचा अंत्यविधी पाहिला. तेथे दासीला मारून मालकाबरोबर नावेत जाळले. त्या मुलीविषयी शेजाऱ्यांचा निवाडा काय होता?

खाडीकाठ

तिन्ही खड्यांबद्दल आभार. पहिल्याचे उत्तर देता येते. राजा हाकोन इसवी सन ९६०च्या सुमारास लढाईत मेला, त्याच्यावर एय्विंद या दरबारी कवीने शोककाव्य रचले, आणि त्याचे शेवटचे कडवे 'गुरे मरतात, आप्त मरतात' याच शब्दांनी सुरू होते. म्हणजे हा विचार हस्तलिखिताहून तीन शतके जुना आहे. गंमत अशी की, हाकोन स्वतः इंग्लंडमध्ये ख्रिस्ती म्हणून वाढला होता. कवीने मात्र त्याला वाल्हल्लात पोचवले, आणि देवांकडून त्याचे स्वागत करवले ते त्याने जुनी देवस्थाने राखली म्हणून.

दुसरा खडा मान्य आहे, फक्त एवढे म्हणेन की, ती नीती देवाणघेवाणीची आहे. बेचाळिसावे कडवे भेटीला भेट आणि हसण्याला हसणे द्यावे असे सांगते आणि त्याच दमात खोट्याला खोटेही देते. क्षमा या गुणाला तेथे फारसा वाव नाही.

तिसऱ्या खड्यापुढे मात्र मला माझे मूळ विधान दुरुस्त करावे लागेल. निवाडा माणसांच्या तोंडी आहे असे मी म्हटले. कोणत्या माणसांच्या, हे म्हणायचे राहिले. गुलाम सभेत नव्हता. सत्त्याऐंशीव्या कडव्यात भरवसा ठेवू नये अशा गोष्टींची जंत्री आहे, तिच्यात आजारी वासराच्या शेजारी स्वतःच्या मर्जीने वागणारा गुलाम बसवलेला आहे. ज्याला लोकांनी माणसात मोजले त्याच्यापुरती ही नीती उबदार आहे, आणि ज्याला मोजले नाही त्याच्यासाठी तिच्याकडे एकही शब्द नाही. वरचा कोणी देव 'याचीही गणती करा' असे म्हणत नसल्यामुळे ती चूक दुरुस्त करण्याची सोयही तिच्यात नव्हती. (वरचा देव असूनही अनेक ठिकाणी ती दुरुस्ती झाली नाही, हे आपल्यापैकी कोणाला सांगण्याची गरज नाही.)

सांजवात

देवांच्या नीतीविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून ट्यूर या देवाची गोष्ट आणते. फेनरिर हा लांडगा देवांच्या अंगणातच वाढत होता आणि दिवसेंदिवस आवरेनासा होत होता. दोन साखळ्या त्याने तोडल्या. मग ग्लाइप्निर नावाचा रेशमासारखा मऊ पट्टा करवून घेण्यात आला. तो मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी या सहा वस्तूंचा होता. लांडग्याला संशय आला. तो म्हणाला की, यात कपट नाही याची हमी म्हणून कोणी तरी आपला हात माझ्या तोंडात ठेवावा. देव एकमेकांकडे पाहू लागले. ट्यूरने उजवा हात पुढे केला. पट्टा सुटेना, तेव्हा सारे देव हसले. या कथा लिहून ठेवणारा आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसोन १२२०च्या सुमारास लिहिताना पुढे एवढेच म्हणतो की, ट्यूर हसला नाही, त्याचा हात गेला होता.

शपथ मोडणारे मेल्यावर जड प्रवाहांतून चालत राहतात, असे सांगणारी परंपरा आपल्याच देवांकडून अशी शपथ मोडवते. सगळ्यांनी मिळून खोटे बोलले आणि किंमत एकाने दिली. ट्यूर शूर होता यात शंका नाही, पण तो प्रामाणिक होता का? हात पुढे करतानाच तो जाणार हे त्याला ठाऊक होते. मला वाटते की त्याने खोट्याला खरे केले नाही, खोट्याचे मोल चुकते केले. स्नोरी त्याच्याविषयी हेही नोंदवतो की, माणसांमध्ये समेट घडवणारा म्हणून त्याची ख्याती नाही.

गोदातीर

ट्यूर आणि 'देव' हे शब्द एकाच मूळ धातूपासून आले आहेत ना? आणि इंग्रजीतला मंगळवार त्याच्याच नावाचा. मग आपली आणि त्यांची परंपरा मुळात एकच, असे म्हणता येईल.

मध्यरात्रीचा सूर्य

शब्दांचे नाते पक्के आहे, पण त्यावरून एवढी मोठी उडी घेऊ नये. वारांची नावे रोमन लोकांच्या ग्रहवारांवरून भाषांतरित झाली: मंगळाच्या जागी ट्यूर, बुधाच्या जागी ओदिन, गुरूच्या जागी थोर. रक्तामांसाच्या एकत्वाच्या कल्पनेने याच देवांचे गेल्या शतकात जर्मनीत काय झाले, ते सर्वज्ञात आहे, आणि आजही काही वंशवादी गट ही चिन्हे मिरवतात. त्यांच्याशी संबंध तोडणारे जे संयुक्त निवेदन २०१६ साली या परंपरेतील शंभराहून अधिक संघटनांनी काढले, त्याचे नावच 'निवेदन १२७' आहे. हावामालचे १२७वे कडवे म्हणते की, वाईट दिसले तर ते वाईट आहे असे बोलून दाखवावे. आइसलँडमध्ये जुनी रीत पुन्हा पाळण्यासाठी १९७२ साली स्थापन झालेल्या आसात्रू संघाचे पहिले प्रमुख, शेतकरी-कवी स्वेइन्ब्योर्न बेइन्तेइन्सोन, गात फिरत ते याच जुन्या कविता. त्या संघाचे आज पाच हजारांहून अधिक सदस्य आहेत, आणि त्यांचे सध्याचे प्रमुख या कथांना शब्दशः खरे न मानता काव्य आणि रूपक मानतात.

काथ्याकूट

रूपक म्हटले की सगळे सोपे होते. ज्यांनी ते देव खरोखर मानले, त्यांच्यावर संकट आले तेव्हा ते कोणाकडे वळत होते, एवढे सांगा. सगळा निवाडा माणसांचाच असेल, तर देवाचे काम काय उरते?

खाडीकाठ

एगिल स्काल्लाग्रिम्सोनच्या चरित्रकथेत याचे एक उत्तर आहे. एगिल हा दहाव्या शतकातला योद्धा आणि कवी. त्याचा मुलगा बोद्वार बोर्गाफ्योर्दच्या खाडीत बुडाला. एगिलने त्याला पुरले, घरी येऊन खोलीचे दार आतून लावले आणि अन्नपाण्याविना मरायचे ठरवले. बायकोने मुलीला, थोरगेर्दला, निरोप पाठवला. ती आली आणि 'मलाही तुमच्याबरोबर मरायचे आहे' असे म्हणून आत शिरली. थोड्या वेळाने ती काही तरी चघळू लागली. हे समुद्रशेवाळ आहे, याने मरण लवकर येते, असे सांगून तिने बापालाही ते दिले. त्याने तहान लागली. पाणी मागवले, तर शिंगातून दूध आले, आणि एगिलने ते घटाघटा पिऊन टाकल्यावर शिंगाचा तुकडा दातांनी तोडला. आता आपला बेत फसलाच आहे, तर तुम्ही बोद्वारवर कविता रचा, मी ती लाकडावर कोरते, मग वाटल्यास आपण मरू, असे ती म्हणाली.

त्या कवितेत एगिल म्हणतो की, समुद्राचा सूड तलवारीने घेता आला असता तर मी घेतला असता, पण म्हाताऱ्याच्या मागे कोणी उभे नाही, हे सगळ्यांना दिसते आहे. ओदिनशी माझे सख्य होते, ते त्याने मोडले; मी त्याला बळी देतो तो हौसेने नाही. तरी नुकसानीची भरपाई म्हणून त्याने मला दोष नसलेली एक कला दिली आहे. हा देवाशी केलेला हिशेब आहे, आणि तो मुलीसमोर मोठ्याने म्हणून दाखवलेला आहे.

कविता पुढे सरकत गेली तसा एगिलच्या अंगात जीव येत गेला. ती पुरी झाल्यावर तो अंथरुणातून उठला, बायकोला आणि घरच्या माणसांना ती ऐकवली, आणि मग घरधन्याच्या उंच आसनावर जाऊन बसला.